इंटिरियर स्टुडिओ नीट चालवायचा तर: पहिल्या फोनपासून पावसाळ्यानंतरच्या चकरेपर्यंत

दर दोन-तीन महिन्यांनी एखादा फोन येतोच. समोरची मुलगी किंवा मुलगा कोर्स करून आलेला असतो, हात चांगला असतो, इन्स्टावर रेंडर्स (कॉम्प्युटरवर काढलेली खोल्यांची थ्रीडी चित्रं) झकास असतात, आणि नाशकात गंगापूर रोडच्या नाहीतर पाथर्डी फाट्याच्या एखाद्या साइटवर तो पुरता अडकलेला असतो. क्लायंट पैसे देत नाहीये, मिस्त्री गावाला गेलाय, वॉर्डरोबचं दार उघडलं की एसीला आपटतंय. मग मी विचारते, अरे ड्रॉइंग फायनल कधी केलं होतंस? उत्तर ठरलेलं. "फायनल असं नाही ताई, पण थ्रीडी अप्रूव्ह झालं होतं." इथेच घोडं पेंड खातं.

माझा स्टुडिओ छोटा आहे, मी, एक ड्राफ्ट्समन आणि एक सुपरवायझर, आणि खाली लिहिलंय तो क्रम मी स्वतः चुकून चुकूनच बसवलाय. चांगली टेस्ट असणं वेगळं आणि ती टेस्ट साइटवर शेवटपर्यंत टिकवणं वेगळं. दुसरं काम नव्वद टक्के क्रमाचं आहे, कुठली गोष्ट कशाच्या आधी ठरवायची एवढंच. त्यामुळे मूडबोर्ड कसा करायचा वगैरे इथे मिळणार नाही.

## १. कागदपत्रं: एका आठवड्यात उरकून टाका

यात फार रमू नका. शॉप अॅक्टखाली माणसं मोजकी असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. प्रोफेशन टॅक्सचं एनरोलमेंट करा, वर्षाचे २५०० रुपये. ऑफिस, क्लिनिक, शोरूमची कामं घेणार असाल तर उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करूनच ठेवा, कारण छोट्या उद्योगांच्या कायद्यात लेखी मुदत ठरली असली तरी पेमेंट ४५ दिवसांच्या वर ताणता येत नाही आणि अकाउंट्सवाल्या माणसाला ते दाखवता येतं.

पाटीवर "आर्किटेक्ट" लिहू नका, जर तुमचं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन नसेल तर. १९७२ च्या कायद्याने तो शब्द राखीव आहे. "इंटिरियर डिझायनर" लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

सावधान: सर्व्हिसवाल्यांना २० लाखांच्या वर टर्नओव्हर गेला की जीएसटी लागतो आणि आपल्या फीवर तो १८ टक्के आहे. नवीन लोक इथे असे फसतात की क्लायंटचे प्लायचे, ग्रॅनाइटचे, सुताराचे सगळे पैसे स्वतःच्या खात्यात घेतात, बिल स्वतःच्या नावाने फाडतात, आणि दोन फ्लॅटमध्येच २० लाख पार, हातात मात्र राहिले दीड लाख. पहिली दोन वर्षं शक्यतो फक्त फी घ्या, माल क्लायंटच्या नावाने दुकानातून थेट येऊ द्या. सीएला पहिल्या कामाआधी भेटा, नोटीस आल्यावर नाही.

## २. नमुन्यांचं कपाट: क्लायंट यायच्या आधी

कॅटलॉगच्या चळती म्हणजे लायब्ररी नाही. दुकानदार देईल तो प्रत्येक कॅटलॉग शेल्फवर लावला की क्लायंटला ८०० मायके (सनमायक्याचे नमुने) दिसतात आणि तो ८०१ वा मागतो.

माझ्याकडे एकच कपाट आहे आणि त्यात बसेल तेवढंच ठेवते. साधारण ४० मायके, १० व्हेनियर (खऱ्या लाकडाचे पातळ थर), ८-१० दगड (त्यात आपला काळा पाषाण, कोटा आणि कडप्पा आहेच), कापडं, हँडल्स. आत जे आहे ते मी कुठल्या ना कुठल्या साइटवर वापरलंय आणि दोन वर्षांनी परत जाऊन बघितलंय. नवीन काही आत आलं की जुनं काहीतरी बाहेर.

हँडल आणि मुठींसाठी फक्त ब्रँडेड शोरूम बघू नका. नाशकात तांब्यापितळेचं काम करणारे कारागीर आजही आहेत, जुन्या नाशकात भांड्यांच्या दुकानांमधून चौकशी केली की सापडतात. पितळी मूठ, देवघराची घंटा अडकवायचा हूक, दिव्याची वाटी असलं काम मापात करून देतात. फक्त क्लायंटला आधीच सांगा की पितळ काळं पडणार, चिंच-मीठ लावून घासायची तयारी नसेल तर नकोच. पडलेल्या वाड्यांचं जुनं सागवानही मिळतं आणि ते नव्यापेक्षा सरस असतं, पण रंध्याला लावायच्या आधी त्यातले खिळे शोधून काढा, नाहीतर मिस्त्रीचं पातं गेलं आणि दिवसही गेला.

एका घरात किती मटेरियल? माझा नियम असा की एक फ्लोरिंग, दोन लाकडी रंग, एक धातू, आणि एकच गोष्ट जी डोळ्यात भरेल. सहावं घालायचं तर आधीच्या पाचातलं एक काढा. हा नियम मोडलेली चांगली घरं मी बघितलीत, पण मोडणाऱ्याला तो आधी पाळता येत होता.

इथे चेक करा: नमुना दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबखाली कधीच फायनल करू नका. क्लायंटच्या भिंतीवर उभा लावा (आडवा टेबलावर ठेवून बघितला की रंग वेगळा दिसतो), एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी दिवे लावून. दिवे ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, लावणार असाल तर त्याच दिव्याखाली. ६५०० च्या पांढऱ्याफटक उजेडात ग्रे दिसणारा मायका ३००० मध्ये मातकट दिसतो आणि मग दोष तुमचा.

## ३. पहिली भेट: बोलायला नाही, ऐकायला जा

पहिल्या भेटीत स्केच काढून दाखवायची खुमखुमी असते, ती आवरा. हे प्रश्न विचारा आणि वहीत लिहा. वर्षाचे गहू भरता का, किती पोती? सिलिंडर की पाइपचा गॅस? कुकर रोज किती लिटरचा चढतो? घरात सगळ्यात उंच कोण, ओट्याशी जास्त वेळ कोण उभं राहतं, त्यांची उंची किती? देवघर उभ्याने पूजा करायचं की बसून? गावाकडून पाहुणे किती येतात, गाद्या कुठे जातात? पापड-कुरडयांचे डबे, दिवाळीचा कंदील, गणपतीचं मखर हे सगळं सध्या कुठे आहे?

शेवटचा प्रश्न कोणीच विचारत नाही आणि त्याच्यामुळेच सहा महिन्यांनी त्या सुंदर बाल्कनीत खोक्यांचा ढीग लागतो.

बजेट पहिल्याच भेटीत विचारा. लोक "तुम्ही सांगा" म्हणतात. तुम्ही म्हणा, तीन आकडे सांगते, कुठल्या आकड्याला झोप उडते ते सांगा. हसतात पण उत्तर मिळतं. आणि पैसे कधी मोकळे होतात तेही विचारा. निफाड-पिंपळगावकडचे द्राक्षबागायतदार क्लायंट असतील तर माल निघाल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये पैसा हातात येतो, त्यांना सप्टेंबरमध्ये मोठा हप्ता मागून उपयोग नाही, त्यात त्यांची चूकही नाही. हप्त्यांचं वेळापत्रक त्याप्रमाणे बांधा.

आणि नाही म्हणायला शिका. "अमक्याच्या घरी आहे तस्संच हवं", "मिस्त्री आमचा आहे, तुम्ही फक्त डिझाइन द्या, साइटवर यायची गरज नाही", "आधी फ्री थ्रीडी दाखवा मग ठरवू". या तीनपैकी एक जरी ऐकू आलं तरी मी चहा पिऊन निघते.

## ४. फी आणि करार

फी घ्यायच्या पद्धती तीन: स्क्वेअर फुटावर, कामाच्या खर्चाच्या टक्क्यावर, किंवा ठोक. टक्क्यावर घेतली की क्लायंटच्या मनात कायम किडा राहतो की ही महाग मटेरियल मुद्दाम सुचवतेय. मला ठोक रक्कम बरी वाटते, पण मग कामाची यादी काटेकोर लिहावी लागते. किती खोल्या, किती पर्याय दाखवणार (मी दोन), किती साइट व्हिजिट, कुठली ड्रॉइंग्ज देणार.

माझे हप्ते असे: सही करताना २५ टक्के, लेआउट फायनल झाल्यावर २५, सगळी वर्किंग ड्रॉइंग्ज (ज्यावरून मिस्त्री काम करतो ती) दिल्यावर ३०, साइट चालू असताना १५, आणि हँडओव्हरला ५. शेवटचा हप्ता मुद्दाम छोटा ठेवा, कारण तोच बुडतो.

आता कमिशन. दुकानदार डिझायनरला कमिशन देतात हे आता क्लायंटलाही माहीत आहे, त्यात गुपित काही राहिलेलं नाही. पण घेतलं की तुम्ही त्या दुकानाचे माणूस झालात, प्लाय खराब आला तरी तोंड उघडत नाही. सुरुवातीला एकदा मी घेतलं होतं आणि त्याच साइटवर ड्रॉवरचे चॅनल (ज्यावर तो सरकतो त्या पट्ट्या) तीन महिन्यांत खडखडायला लागले, दुकानदाराला फोन करताना माझाच आवाज बसला. तेव्हापासून करारात एक ओळ असते: दुकानदाराकडून मिळणारी सूट थेट क्लायंटच्या बिलात वजा होईल. फी थोडी जास्त सांगावी लागते, दोन-चार कामं हातची जातात. जाऊ देत.

सावधान: व्हॉट्सअॅपवर "ओके डन मॅडम" म्हणजे करार नाही. दोन पानांचा का होईना, मराठीत लिहा, सही घ्या, घरातल्या ज्याच्या हातात पैसा आहे त्याची आणि ज्याच्या हातात स्वयंपाकघर आहे त्याची, दोघांचीही.

## ५. मापं: इथे पूर्ण दिवस द्या

बिल्डरच्या ब्रोशरमधल्या प्लॅनवर काम सुरू करणं ही सगळ्यात महाग चूक आहे, कारण ती सगळ्यात उशिरा कळते. प्लॅस्टर, टाइल, स्कर्टिंग हे सगळं धरून प्रत्यक्ष खोली वेगळीच निघते.

खोलीची रुंदी तीन ठिकाणी घ्या, जमिनीजवळ, मध्यभागी, छताजवळ. तिन्ही सारखी येत नाहीत. सगळ्यात कमी जी आली ती धरून कपाट बनवा आणि उरलेली फट पट्टीने झाका. दोन्ही कर्ण मोजा. कोपरा गुण्यात आहे का ते बघायला एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोब्बर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात. ओळंबा सोडा. जमिनीची लेव्हल लेझरने बघा, स्वयंपाकघरात तर नक्की, कारण तिथे ८ फुटात अर्धा इंच उतार असला तरी ट्रॉल्या आपोआप उघडतात. जुन्या नाशकातलं घर असेल तर भिंत खालून वर निमुळती होते हे धरूनच चाला.

मग बीम किती खाली येतो, खिडकीची सिल, एसीच्या पाण्याचा पाइप कुठून बाहेर जाणार, दारं कुठल्या बाजूला उघडतात. लिफ्टचंही माप घ्या. ८ बाय ४ ची शीट बऱ्याच लिफ्टमध्ये जात नाही आणि सातव्या मजल्यावर जिन्याने चढवायची हमाली वेगळी लागते, तीनसीटर सोफ्याचं तर विचारूच नका.

वस्तूंची मापं क्लायंटच्या वस्तूंची घ्या. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट, फ्रिजचा कप्पा अगदी मापात केला, फ्रिज आत बसला, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन, भाजीचा ट्रे बाहेर निघत नाही. दार काटकोनात उघडून भिंतीला टेकत होतं आणि ट्रेला त्याहून जास्त उघडायला हवं होतं. एक आख्खी उभी पट्टी कापून परत केली, माझ्या पैशाने.

इथे चेक करा: नवीन टॉवर असेल तर बिल्डरला विचारा की भिंती मायव्हन पद्धतीच्या, म्हणजे पूर्ण काँक्रीटच्या आहेत का. असतील तर त्या तोडता येत नाहीतच, वायरिंगसाठी झिरीही मारायची नाही, पॉइंट आहेत तिथेच डिझाइन बसवा किंवा वायर पॅनेलिंगच्या मागून न्या. रेरामध्ये, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्यात, स्ट्रक्चरच्या दोषाला बिल्डरची ५ वर्षांची जबाबदारी असते, तुम्ही कॉलम-बीमला हात लावलात तर तो ती झटकून मोकळा होईल.

## ६. डिझाइनचा क्रम: थ्रीडी सगळ्यात शेवटी

बहुतेक जण आधी थ्रीडी करतात कारण क्लायंटला तेच आवडतं. म्हणजे आधी कळस मग पाया. रंग बघून क्लायंट खूश होतो, मग कळतं बेड आणि कपाटामध्ये दीड फूटच जागा उरतेय, मग लेआउट बदलतो, मग परत थ्रीडी. क्रम असा ठेवा:

१. फर्निचर लेआउट. नुसता वरून दिसणारा प्लॅन, रंग नाही. क्लायंटला साइटवर नेऊन जमिनीवर मास्किंग टेपने बेड, सोफा, डायनिंग आखून दाखवा आणि चालायला लावा. एका तासात जेवढं कळतं तेवढं दहा रेंडर्समध्ये कळत नाही.

२. इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंग. बेडच्या दोन्ही बाजूंना स्विच, हेडबोर्डची उंची धरून. स्वयंपाकघरात फ्रिज, मायक्रोवेव्ह, चिमणी, आरओ, मिक्सर, डिशवॉशर, इंडक्शन, प्रत्येकाचा पॉइंट कागदावर. तीन एसी आणि इंडक्शन येणार असेल तर महावितरणचा मंजूर लोड बघा, वाढवायचा अर्ज आत्ताच करा.

३. प्रत्येक फर्निचरचं उभं ड्रॉइंग, आतल्या कप्प्यांसकट. ओट्याची उंची ३४ इंच हा काही वेद नाही. जी व्यक्ती स्वयंपाक करते तिचा कोपर जमिनीपासून मोजा, त्यातून ५-६ इंच वजा करा. सव्वापाच फुटाच्या बाईला ३३-३४ येईल, पावणेसहा फुटाच्या माणसाला ३७. दोघंही करत असतील तर ज्यांची कंबर दुखते त्यांचं ऐका.

४. मटेरियलची यादी, कोड नंबरसकट.

५. आता थ्रीडी, दोन खोल्यांचं. बाकीच्यांना लागत नाही.

मग "फ्रीझ". प्रत्येक पानावर क्लायंटची सही आणि तारीख. सही नाही तर सुतार नाही, हे मी स्वतःच्या भावाच्या घरालाही लावलं आणि दोन आठवडे आमचं बोलणं बंद होतं.

## ७. एस्टिमेट: शीटचं खरं गणित

क्लायंट म्हणतो, माझा वॉर्डरोब ६ बाय ७ फुटाचा, मग सहा शीट कशा लागतात? हिशोब करून दाखवता आला पाहिजे.

समजा रुंदी ६ फूट, उंची ७, खोली २. उभ्या पट्ट्या तीन, ७ बाय २ च्या, ४२ स्क्वेअर फूट. वरखाली दोन, ६ बाय २, २४ झाले. फळ्या सहा, ३ बाय २, म्हणजे ३६. दारं ४२. बेरीज १४४. एक शीट ३२ स्क्वेअर फुटाची, म्हणजे साडेचार शीट. कागदावर.

आता कापून बघा. एका शीटमधून ८ बाय २ च्या दोन पट्ट्या निघतात. उभ्यांना तीन पट्ट्या, वरखाली दोन, फळ्यांना तीन (८ फुटात ३ फुटाच्या दोनच बसतात, २ फूट उरतात). आठ पट्ट्या म्हणजे चार शीट. दारं चार, दीड फूट रुंद, एका शीटमधून दोनच निघतात आणि एक फुटाची पट्टी उरते, म्हणजे अजून दोन शीट. एकूण सहा. पाठीची ६ एमएम वेगळी, ड्रॉवर वेगळे, पण ड्रॉवर उरलेल्या तुकड्यांतून काढता येतात आणि तिथेच चांगला मिस्त्री आणि साधा मिस्त्री कळतो.

हे कटिंगचं चित्र एस्टिमेटला जोडा. एकदा दाखवलं की "प्लाय जास्त मागवला" हे भांडण पुढे होत नाही. सगळ्यावर १० टक्के अनपेक्षित खर्च वेगळा दाखवा, आत लपवू नका.

## ८. साइटचा क्रम

आधी कॅलेंडर उघडा. सुतार बहुतेक राजस्थानचे किंवा यूपीचे, होळीला, दिवाळीला, छठला आणि गावाकडच्या लग्नसराईत जाणार म्हणजे जाणार. पितृपक्षात क्लायंट काम सुरू करू देत नाही. वास्तुशांत पाडव्याला नाहीतर अक्षय्य तृतीयेला ठरवून आमंत्रणंसुद्धा गेलेली असतात. या तारखांवरून उलटं मोजत या. पंचवटी, जुनं नाशिक भागात साइट असेल तर २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत मालाची गाडी आत जात नाही असं धरूनच आखणी करा.

१. सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, कामाच्या वेळा. लिफ्टला आतून प्लाय लावून घ्या.
२. तोडफोड, मलबा बाहेर.
३. प्लंबिंगचे पाइप, मग वॉटरप्रूफिंग. बाथरूममध्ये पाणी भरून ४८ तास ठेवा, पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ, खालच्या शेजाऱ्यांचं छत जाऊन बघा. ही टेस्ट झाल्याशिवाय टाइल नाही.
४. वायरिंग, एसीचे तांब्याचे पाइप आणि पाणी जायचा पाइप उतारासकट. भिंत बंद करायच्या आधी टेप धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. पुढे कोणी खिळा ठोकताना हेच फोटो उपयोगी पडतात.
५. प्लॅस्टर, टाइल. टाइल झाल्यावर लगेच झाकून टाका.
६. फॉल्स सीलिंग. हवंच असेल तर. ९ फुटाच्या खोलीत सगळीकडे ६ इंच खाली आणून काय मिळतं मला अजून कळलेलं नाही.
७. पुट्टी, प्रायमर, रंगाचा एकच हात.
८. सुतारकाम, सांगाडे आधी, मग ओट्याचा दगड, मग मायका, मग दारं.
९. पॉलिश.
१०. रंगाचा शेवटचा हात, पॉलिशच्या नंतरच, नाहीतर स्प्रेचा धुरळा भिंतीवर बसतो.
११. दिवे, स्विचप्लेट, हँडल्स, मग सफाई, मग पडदे.

वायरमनला सुतारानंतर बोलावणं म्हणजे वरातीमागून घोडं. तयार कपाटाच्या पाठीला भोकं पाडून वायर काढलेली मी दर वर्षी कुठे ना कुठे बघते.

सावधान: जुलै-ऑगस्टमध्ये सतत झड लागली असताना पॉलिश मारू नका, हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी झाक येते आणि परत घासावं लागतं. क्लायंट घाई करेल, सुतारही "हो जाएगा मॅडम" म्हणेल. "हो जाएगा" ऐकलं की मी गाडी काढते आणि साइटवर जाते.

## ९. माल आला की उतरवतानाच तपासा

प्लाय १८ एमएम म्हणून येतो आणि कॅलिपर लावला की १६ च्या आसपास भरतो. गाडी उभी असतानाच पाच शीट मोजा. स्वयंपाकघर आणि बाथरूमजवळ आयएस ७१० चा, म्हणजे मरीन, बाकी ठिकाणी आयएस ३०३ चालतो. ७१० च्या टेस्टमध्ये तुकडा ७२ तास उकळतात, आपण तेवढं करत नाही, पण हातभर तुकडा आठ तास उकळून बघा, पापुद्रे सुटले तर गाडी परत.

मायका एकदम सगळा मागवा, एकाच बॅचचा, वर एक शीट जास्त. दुसऱ्या खेपेला तोच कोड नंबर थोडा वेगळा रंग घेऊन येतो.

दाराच्या दोन्ही बाजूंना मायका लावायचाच, आत पातळ लायनर चालेल. एकाच बाजूला लावला की दार केळीसारखं वाकतं आणि मग बिजागरीला कितीही पिळा, बसत नाही. ७ फुटी दाराला किमान चार बिजागऱ्या. दार २० इंचांपेक्षा रुंद नको.

इथे चेक करा: सगळं सुरू करायच्या आधी एकच ड्रॉवर पूर्ण करून घ्या. चॅनल, मायका, कडेची पट्टी, हँडल, सगळं. तो साइटवर ठेवा आणि मिस्त्रीला सांगा, बाकीचे असेच. माझ्या मते दर्जा टिकवायचा याच्यापेक्षा स्वस्त उपाय नाही, तोंडी दहा वेळा सांगण्यापेक्षा तो एक ड्रॉवर जास्त बोलतो.

## १०. मधेच आलेले बदल

येणारच. मावशी येते, तिच्या सुनेकडे काचेची दारं असतात. नाही म्हणू नका, "लिहून देते" म्हणा. काय बदलणार, किती रुपये वाढणार, किती दिवस वाढणार, या तीन ओळी आणि खाली सही. निम्मे बदल ही चिठ्ठी बघूनच विरून जातात. क्लायंटने थेट मिस्त्रीला सांगितलेला बदल मिस्त्रीने करायचा नाही, हे पहिल्याच दिवशी दोघांसमोर बोलून ठेवा.

एका वेळी साइट किती घ्यायच्या? एक डिझायनर, एक सुपरवायझर असेल तर तीन. चौथी घेतली की तिन्ही ढिल्या पडतात. दिवाळीच्या आधी मोह होतो, मीही दोनदा पडलेय.

## ११. स्नॅग लिस्ट (राहिलेल्या चुकांची यादी) आणि ताबा

क्लायंटच्या आधी तुम्ही स्वतः जा, एकटे, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका धरा, पुट्टीच्या लाटा दिसतात. प्रत्येक दार, प्रत्येक ड्रॉवर उघडा. प्रत्येक पॉइंटला मोबाइल चार्जर लावा. सगळे नळ एकदम सोडा. चूक दिसली तिथे रंगीत टेपचा तुकडा, त्यावर नंबर, यादीत तोच नंबर. मिस्त्रीला यादी वाचता येत नसली तरी टेप दिसतो.

टेप शून्य झाल्यावर क्लायंटला बोलवा. ताब्यासोबत एक फाइल द्या, वायरिंगचे फोटो, मायक्याचे कोड, रंगाचे शेड नंबर, वॉरंटी कार्ड, आणि उरलेली ती एक मायक्याची शीट.

आपल्या पोर्टफोलिओसाठीचे फोटो त्या दिवशी काढू नका. राहायला गेल्यावर दोन महिन्यांनी परवानगी विचारून काढा, डबे ओट्यावर असतात तेव्हा.

## १२. पावसाळ्यानंतरची चक्कर

ही करारात नसते पण मी जाते, दसऱ्याच्या आसपास. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाची पाठ हाताने चाचपा, गार आणि ओलसर लागते का. खिडकीखालच्या पॅनेलिंगचा खालचा कोपरा फुगलाय का. ट्रॉल्यांचे चॅनल, सिंकखालचा प्लाय, बाथरूमच्या चौकटीचं तळ. बिजागऱ्या पाव फेरा आवळाव्या लागतात, स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये असू द्या.

आणि बाल्कनी बघा. खोकी असतील तर तिसऱ्या पायरीतला कुठला प्रश्न विचारायचा राहिला ते वहीत लिहून घ्या, माझ्या वहीत मागच्या वर्षी "वॉशिंग मशीनचा जुना स्टँड" असं लिहावं लागलं.